विद्यार्थी भीमराव आणि परकं शहर



दरवर्षी १४ एप्रिलला आपण बाबासाहेबांच्या पदव्या ऐकतो. एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी., बार-अॅट-लॉ. आपल्या शाळकरी लेकरांनासुद्धा त्या तोंडपाठ आहेत. रोज अठरा तास अभ्यास केला, हेही प्रत्येक वक्ता सांगतो आणि टाळ्या पडतात. पण एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. बावीस वर्षांचा एक पोरगा सातासमुद्रापलीकडं एकटा उतरला, तेव्हा तो राहिला कुठं? जेवला काय? पैसा कुठून आला आणि कसा पुरवला? मैत्री कोणाशी झाली? घरच्या माणसांनी मागं काय सोसलं?

हा इतिहास छोटा वाटतो, पण तो मोठा आहे. कारण पदवीची कागदं भिंतीवर लावता येतात, पण पदवीपर्यंत जायची वाट लेकरांना दाखवावी लागते. आपल्या येलदरीची लेकरं आज जिंतूर, परभणी, संभाजीनगर, पुण्यापर्यंत शिकायला जातात. एखादं परदेशाचंही नाव काढतं. त्या लेकरांसाठी आणि त्यांच्या आईबापांसाठी हा लेख आहे.

बडोद्याचा करार आणि बोटीचा प्रवास

भीमराव एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाले. जानेवारी १९१३ मध्ये ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. थोडे दिवस जातात न जातात तोच वडील आजारी असल्याची तार आली. २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार रामजी सकपाळ वारले. ज्या बापानं परळच्या चाळीत पहाटे उठवून पोराचा अभ्यास घेतला, पुस्तकासाठी लेकीचे दागिने गहाण ठेवायला मागंपुढं पाहिलं नाही, तो बाप पोराचं परदेशगमन बघायला राहिला नाही.

श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड यांनी काही विद्यार्थी अमेरिकेला पाठवायचं ठरवलं. ४ जून १९१३ रोजी भीमरावांनी करारावर सही केली. महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं, आणि शिक्षण झाल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी. त्या काळी एका पौंडाला पंधरा रुपये पडत. म्हणजे महिन्याला साधारण एकशे बहात्तर रुपये. मुंबईत ही रक्कम मोठी होती. न्यूयॉर्कमध्ये खोली, जेवण, कपडे, पुस्तकं आणि वरून घरी पाठवायचे पैसे, एवढं सगळं त्यात बसवायचं म्हणजे ओढाताणच.

शिष्यवृत्ती ही दया नव्हती, तो करार होता, हे लेकरांनी लक्षात ठेवावं. करारातली दहा वर्षांची अट पुढं फार महागात पडली. ते खाली येईलच.

पहिली खोली

जुलै १९१३ च्या तिसऱ्या आठवड्यात भीमराव न्यूयॉर्कला पोचले. कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टली हॉल या वसतिगृहात पहिला मुक्काम झाला. तो आठवडाभरही धड टिकला नाही. तिथलं जेवण घशाखाली उतरेना. मग ते ११४ व्या रस्त्यावरच्या कॉस्मॉपॉलिटन क्लबात गेले. तिथं वेगवेगळ्या देशांची मुलं राहत, काही हिंदी विद्यार्थीही होते. त्यानंतर लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात खोली मिळाली आणि तिथं ते स्थिरावले. सोबतीला होते नवल भथेना नावाचे पारशी विद्यार्थी. ही मैत्री जन्मभर टिकली.

एका उन्हाळ्यात तीन जागा बदलल्या! आज आपलं पोरगं पुण्याहून फोन करतं की मेस जमत नाही, खोली बदलतो, तेव्हा घरात लगेच चर्चा होते की याचं मन अभ्यासात नाही. तसं नसतं. परक्या गावात अन्न आणि अंथरूण जमेपर्यंत डोकं ठिकाणावर येत नाही. बाबासाहेबांचंही तसंच झालं. फरक एवढाच की जागा जमताच त्यांनी बूड टेकलं ते उठवलं नाही.

त्यांचं जेवणही बेताचं होतं. चरित्रकार धनंजय कीर सांगतात की एक कप कॉफी, दोन मफिन म्हणजे गोडसर पाव, आणि मटणाची किंवा माशाची एक बशी, एवढ्यावर ते भागवत. उरलेला पैसा घरी जाई आणि त्यातूनही उरला तर जुन्या पुस्तकांच्या दुकानात जाई. न्यूयॉर्कमध्ये त्यांनी सुमारे दोन हजार जुनी पुस्तकं जमवली होती.

आणखी एक गोष्ट. सातारच्या शाळेत हा मुलगा घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळा बसत होता. नळाला हात लावायची बंदी होती, शिपायानं पाणी वरून ओतलं तरच प्यायला मिळे. तोच मुलगा आता इतर मुलांच्या बरोबरीनं एका टेबलावर जेवत होता, ग्रंथालयात हवं ते पुस्तक मागत होता, प्राध्यापकांना प्रश्न विचारत होता. न्यूयॉर्कनं त्यांना सगळ्यात आधी काही दिलं असेल, तर ते हे. पदवी मागून आली.

पण त्या देशातही सगळं आलबेल नव्हतं. कोलंबियाच्या शेजारीच हार्लेम, काळ्या लोकांची वस्ती तिथं वाढत होती. गुलामगिरी कायद्यानं संपून पन्नास वर्षं होत आली तरी काळ्या माणसाचे हाल संपले नव्हते. पुढं १९४६ साली बाबासाहेबांनी तिथले थोर काळे विद्वान डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिलं. निग्रो समाजानं संयुक्त राष्ट्रसंघाकडं केलेल्या अर्जाची प्रत त्यांनी त्यात मागवली होती. आपलं दुःख आणि दुसऱ्याचं दुःख शेजारी ठेवून पाहायची ही नजर होती.

अभ्यास कसा केला

तीन वर्षांत त्यांनी घेतलेल्या विषयांची यादी पाहिली तर डोळे फिरतात. अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, आणि फ्रेंच व जर्मन भाषेचा एकेक. नोकरीपुरतं शिकायचं असतं तर एवढं करायची गरज नव्हती. आपला समाज खाली का राहिला, कोणी ठेवला, कोणत्या यंत्रणेनं ठेवला, याचं उत्तर एका विषयात सापडत नव्हतं, म्हणून हे सगळं शिकून घेतलं.

गुरूही तसेच भेटले. अर्थशास्त्राचे एडविन सेलिग्मन, तत्त्वज्ञानाचे जॉन ड्युई, इतिहासाचे जेम्स शॉटवेल आणि जेम्स हार्वी रॉबिन्सन. आयुष्यातले उत्तम मित्र म्हणून बाबासाहेबांनी पुढं कोलंबियातले सोबती आणि हेच प्राध्यापक सांगितले. १९३६ च्या 'जातिनिर्मूलन' या ग्रंथातही ड्युईंचा उल्लेख आपले गुरू म्हणून येतो.

त्या वेळी लाला लजपतराय न्यूयॉर्कमध्ये होते. भीमरावांनी आपल्या चळवळीत यावं, असा त्यांचा प्रयत्न होता. भीमरावांनी नम्रपणे नकार दिला. बडोद्याच्या महाराजांनी शिकायला पाठवलं आहे, आधी ते काम पुरं करायचं, अशी त्यांची भूमिका होती. चळवळीच्या नावाखाली पुस्तक बाजूला ठेवणाऱ्या आपल्या तरुणांनी हे ध्यानात घ्यावं. शिकायच्या वयात शिकणं हीच त्यांची चळवळ होती.

१९१५ साली ते एम.ए. झाले. ९ मे १९१६ रोजी प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी हिंदुस्थानातील जातींवरचा निबंध वाचला. त्यात जातिबाह्य विवाहाची बंदी हे जातीचं मूळ मर्म म्हणून दाखवलं. वय अवघं पंचवीस! ज्या व्यवस्थेनं त्यांना वर्गाबाहेर बसवलं, तिचीच त्यांनी परक्या देशातल्या वर्गात चिरफाड केली. जून १९१६ मध्ये पीएच.डी.चा प्रबंध सादर केला. तो १९२५ साली सेलिग्मन यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकरूपानं निघाला आणि १९२७ साली पदवी रीतसर मिळाली. प्रबंध आणि पदवी यांच्यात अकरा वर्षं गेली. तरी माणूस थांबला नाही.

अर्ध्यावर सुटलेलं लंडन

ऑक्टोबर १९१६ मध्ये ते लंडनला गेले. ग्रेज इनमध्ये कायद्यासाठी आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासाठी नाव घातलं. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली. पहिलं महायुद्ध चालू होतं. शिक्षण अर्ध्यावर टाकून परत यावं लागलं. चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करायची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून आधी लिहून घेतली आणि मगच लंडन सोडलं. त्यांचं सामान दुसऱ्या बोटीवर होतं. ती बोट पाणतीरानं बुडाली आणि पुस्तकं समुद्राच्या तळाशी गेली. २१ ऑगस्ट १९१७ रोजी ते मुंबईला उतरले.

आता खरा प्रश्न येतो. परकं शहर कोणतं?

करारातल्या अटीप्रमाणे ते बडोद्याला नोकरीवर गेले. एवढा शिकलेला माणूस, पण त्या शहरात त्यांना राहायला खोली मिळेना. हिंदू हॉटेलात जात विचारतील, म्हणून ते एका पारशी धर्मशाळेत खोटं पारशी नाव लिहून राहिले. कचेरीत शिपाई फायली लांबून टेबलावर फेकायचे. अकराव्या दिवशी डझनभर पारशी हातात काठ्या घेऊन आले आणि त्यांनी संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगितलं. ते एका हिंदू मित्राकडं गेले. तो म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. एका ख्रिस्ती मित्राकडं गेले. तो म्हणाला, बायकोला विचारावं लागेल. शेवटी सार्वजनिक बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीनं मुंबईला परतले. आज त्या जागेला संकल्पभूमी म्हणतात.

हा प्रसंग आणि असेच काही प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले. त्यांची पुस्तिका १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं छापली. तिचं नाव 'वेटिंग फॉर अ व्हिसा', म्हणजे व्हिसाची वाट पाहताना. नावाचा अर्थ काय घ्यावा? परक्या देशात जायला व्हिसा लागतो. इथं तर स्वतःच्या देशात राहायलाच व्हिसा लागत होता. त्याच पुस्तिकेत १९३४ सालची दौलताबाद किल्ल्याची हकीकत आहे. आपल्याच मराठवाड्यात, तेव्हाच्या निजामी राज्यात, हौदाचं पाणी बाटवलं म्हणून बाबासाहेबांच्या सोबत्यांच्या अंगावर लोक धावून आले होते.

न्यूयॉर्कनं महारवाड्यातल्या पोराला नाव-गाव विचारून खोली दिली. बडोद्यानं नाव-गाव कळल्यावर ती काढून घेतली. अंतर मैलांत मोजलं तर न्यूयॉर्क लांब आहे. माणुसकीत मोजलं तर बडोदा लांब निघालं. आज पुण्यासारख्या शहरात खोली बघायला गेलेल्या आपल्या पोरांना घरमालक आडून आडून आडनाव विचारतो, तेव्हा हा इतिहास जुना झाला असं कसं म्हणावं?

पण एक गोष्ट तितकीच खरी. ज्यांनी काठ्या दाखवल्या ते पारशी होते आणि ज्यांनी जन्मभर हात दिला ते नवल भथेनाही पारशीच होते. म्हणून आपण व्यवस्थेशी भांडायचं, समाजाच्या नावानं सरसकट शिवी द्यायची नाही. बुद्धानंही हेच शिकवलं.

पुन्हा लंडन

नोव्हेंबर १९१८ मध्ये बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगार साडेचारशे रुपये. त्यातून पै पै साठवली. राजर्षी शाहू महाराजांनी मदत केली. भथेनांनी पाच हजार रुपये उसने दिले. जुलै १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला निघाले. त्याच वर्षी ३१ जानेवारीला 'मूकनायक' सुरू झाला होता आणि मार्चमध्ये माणगावची परिषद गाजली होती. नाव होत होतं, लोक मागं येत होते. तरीही अर्धा राहिलेला अभ्यास पुरा करायला माणूस गेला. आपल्यात कोणी शिक्षण अर्धवट सोडून आला की आपण त्याच्या नावावर काट मारतो. बाबासाहेबही अर्ध्यावर सोडून आले होते. तीन वर्षांनी परत गेले आणि ते पुरं केलं.

लंडनचे दिवस न्यूयॉर्कपेक्षा कठीण गेले. आता संस्थानची शिष्यवृत्ती नव्हती. घरमालकीण हात आखडून वाढणारी. सकाळी पावाचा तुकडा आणि चहा घेऊन ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात जायचं, तिथं बंद होईपर्यंत बसायचं. रात्री भुकेनं जीव कासावीस झाला की ओळखीच्या गृहस्थानं दिलेले पापड भाजून दुधाबरोबर खायचे आणि पुन्हा वाचायला बसायचं. गाडीभाडं वाचवायला पायी चालायचं.

त्यात रुपयाचा दर घसरला. १९२० साली सरकारनं एका रुपयाला दोन शिलिंग असा दर ठरवला होता, पण बाजारात तो टिकला नाही, वर्षाच्या आतच खाली आला. हिंदुस्थानातून रुपये मागवून लंडनमध्ये राहणाऱ्याच्या खिशाला याची किती झळ लागत असेल ते सांगायला नको. आणि याच माणसानं डी.एस्सी.च्या प्रबंधाचा विषय घेतला तोही रुपयाचाच प्रश्न! जून १९२१ मध्ये एम.एस्सी. झाली. ऑक्टोबर १९२२ मध्ये 'प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा प्रबंध दिला. परीक्षकांनी तो बदलून मागितला. १९२३ मध्ये मुंबईला परतून, दुरुस्त करून तो पुन्हा पाठवला आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात डी.एस्सी. मिळाली. बॅरिस्टरीही झाली. प्रबंध परत आला म्हणजे सगळं संपलं, असं त्यांनी मानलं नाही.

लंडनमधलं १०, किंग हेन्रीज रोड हे त्यांचं राहतं घर महाराष्ट्र शासनानं २०१५ साली विकत घेतलं आणि तिथं स्मारक झालं. जिथं पोटभर जेवण मिळालं नाही, ते घर आज आपलं तीर्थ आहे.

मागं राहिलेली रमाई

या सगळ्याचं दुसरं पान परळच्या चाळीत लिहिलं जात होतं. रमाईंच्या पदरात लेकरं, आजारपणं, आणि येणारा पैसा कधी येईल याचा भरवसा नाही. नवऱ्याच्या पत्राची वाट बघत त्यांनी घर चालवलं. लेकरांची मरणं सोसली, पण त्यांना परत बोलावलं नाही. बाबासाहेबांना याची जाण होती. १९३५ साली रमाई गेल्या, आणि पुढं त्यांनी पाकिस्तानच्या प्रश्नावरचा आपला ग्रंथ त्यांच्या स्मृतीला अर्पण केला.

न्यूयॉर्कला पोचल्यावर थोड्याच दिवसांनी, ऑगस्ट १९१३ मध्ये, भीमरावांनी वडिलांच्या एका स्नेह्याला पत्र लिहिलं. आईबाप लेकराला नुसता जन्म देत नाहीत, त्याचं भवितव्यही घडवू शकतात, आणि मुलांबरोबर मुलींनाही शिकवलं तर आपली प्रगती फार वेगानं होईल, असा त्याचा आशय आहे. बावीस वर्षांचा पोरगा परक्या शहरात नवा नवा, आणि त्याच्या मनात घोळत होतं मुलींचं शिक्षण! म्हणून लेकीचं नाव बारावीनंतर काढून घेणाऱ्या घरानं बाबासाहेबांचा फोटो लावताना थोडा विचार करावा.

परत येऊन काय उभारलं

खोलीची किंमत ज्याला कळली त्यानं परत येऊन काय केलं? २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि जानेवारी १९२५ मध्ये सभेनं सोलापूरला विद्यार्थ्यांचं वसतिगृह उघडलं. खेड्यातल्या पोराला आधी डोक्यावर छप्पर हवं, हे त्यांना पुस्तकातून कळलं नव्हतं. पुढं व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी आणि त्यांना परदेशी पाठवण्यासाठी सरकारी पैसा मंजूर करून घेतला. १९५० साली तेव्हाच्या औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय सुरू केलं. निजामी राजवटीतून दोनच वर्षांपूर्वी सुटलेल्या मराठवाड्यातल्या पोरांसाठी ते मोठं दार होतं. आपल्या भागातली शिकलेली पहिली पिढी विचारून बघा, निम्म्यांच्या तोंडी मिलिंदचंच नाव येईल.

१९५२ च्या जूनमध्ये कोलंबियानं त्यांना एलएल.डी. देऊन गौरवलं. आज तिथल्या ग्रंथालयात त्यांचा अर्धपुतळा आहे. आपल्या शेजारच्या नांदेडच्या वस्तीतून निघालेले डॉ. सूरज येंगडे इंग्लंड, दक्षिण आफ्रिकेत शिकून अमेरिकेत हार्वर्डपर्यंत पोचले आणि २०१९ साली त्यांचं 'कास्ट मॅटर्स' हे पुस्तक जगभर वाचलं गेलं. म्हणजे वाट बंद झालेली नाही. मात्र जातही विमानात बसून परदेशी पोचली आहे. म्हणूनच २०२३ साली अमेरिकेतल्या सिअॅटल शहराला जातिभेदाविरुद्ध कायदा करावा लागला. तिथं जाणाऱ्या लेकरांनी हेही माहीत करून जावं.

आपण काय करायचं

महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३ सालापासून अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती त्याहून जुनी आहे. सयाजीराव महाराजांना भेटायची गरज आता उरली नाही, पण अर्ज भरायची गरज आहे. उत्पन्नाचा दाखला, जातीचं प्रमाणपत्र, वैधता, इंग्रजीची परीक्षा, विद्यापीठाचा प्रवेश, ही सगळी कागदं वेळेत जमली तरच काम होतं. आपली हुशार लेकरं बहुतेक वेळा बुद्धीत कमी पडत नाहीत, तारखेत आणि माहितीत कमी पडतात.

म्हणून विहारानं आठवड्यातली एक संध्याकाळ यासाठी ठेवावी, अशी माझी सर्वांना विनंती आहे. वंदना झाल्यावर शिकलेल्या पोरांनी लहान्यांचे अर्ज बघावेत. जो शिकायला बाहेरगावी गेला त्याच्या घरी अधूनमधून कोणीतरी जाऊन यावं. गिरणीत पाळी करणाऱ्या आमच्यासारख्यांनी पगाराच्या दिवशी थोडंफार बाजूला काढलं, तर एका पोराचं एका महिन्याचं खोलीभाडं निघतं. कोणी अर्धवट सोडून परत आला तर त्याला टोमणा मारू नये, पुन्हा कधी जातोस ते विचारावं.

बाबासाहेब एकटे शिकले असं आपण म्हणतो, ते पुरतं खरं नाही. बापाची पहाट, सयाजीरावांचा पैसा, शाहू महाराजांचा हात, भथेनांचं कर्ज, रमाईंचं सोसणं, एवढं सगळं त्या एका विद्यार्थ्यामागं उभं होतं. येलदरीच्या धरणाला पाणी अडवायला किती गावांनी जमीन दिली, तेव्हा १९६८ साली ते पुरं झालं आणि वीज निघाली, हे इथल्या म्हाताऱ्यांना विचारा. एका लेकराचं शिक्षणही तसंच आहे. अनेकांनी आपलं काही दिलं तरच दिवा लागतो.

पुढच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत आपल्या वस्तीतल्या एखाद्या लेकीचं किंवा लेकाचं परक्या शहरातून आलेलं पत्र छापायला मिळावं, एवढीच मंगल कामना.

नमो बुद्धाय! जयभीम!